घरी परतण्याची वेळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी ठाण्यापर्यंत आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. या रुळांनी ठाणे, डोंबिवली आणि कल्याणला वैभव दिले, तसाच एक दिनक्रमही दिला. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ५४ किलोमीटर दूर आहे. स्थानकापर्यंतची रिक्षा आणि फलाटावरचा खोळंबा धरला, तर कर्त्या माणसाचे दिवसाकाठी तीन-साडेतीन तास प्रवासातच सरतात. तोपर्यंत घरात असतात ती ज्येष्ठ मंडळी आणि त्यांची काळजी घेणारी सून, लेक किंवा स्वतःच सत्तरी ओलांडलेला जोडीदार.

सायंकाळी साडेसातच्या सुमारास डोंबिवली स्थानकाच्या पुलावरून खाली पाहावे. लोकलमधून उतरलेला लोंढा भाजीवाल्यांना वळसा घालून रिक्षाच्या रांगेकडे सरकत असतो. बारा तासांनी घरी परतणाऱ्या या माणसाला आता थोडी शांतता हवी असते. घरी मात्र दिवसभर चार शब्द बोलायला कोणी न मिळालेले वडील दाराकडे कान लावून बसलेले असतात. एकाला निवांतपणा हवा, दुसऱ्याला संवाद. आणि दोघांच्या मध्ये सकाळपासून राबलेली गृहिणी. घरोघरच्या कुरबुरींचे मूळ पुष्कळदा स्वभावापेक्षा या वेळेत असते.

म्हणून या घटकेला एक शिस्त असावी. घरात आलेल्या व्यक्तीस पहिली वीस मिनिटे हातपाय धुण्यासाठी व चहासाठी द्यावीत. संपलेली औषधे, बिले, तक्रारी यांचा विषय जेवणानंतर काढावा. त्या व्यक्तीनेही रात्री पंधरा मिनिटे मोबाइल दूर ठेवून आईवडिलांजवळ बसावे. त्या वेळी सल्ला देण्यापेक्षा ऐकून घ्यावे.

ज्येष्ठांचा दिवसही रिकामा राहू नये. ठाण्याची तलावपाळी, कल्याणचा काळा तलाव, डोंबिवलीचे गणेश मंदिर ही केवळ फिरण्याची ठिकाणे नव्हेत. येथल्या कट्ट्यांवर रोज बसणाऱ्या मंडळींपैकी एखादी व्यक्ती दोन दिवस दिसली नाही, तर तिची चौकशी होते. आपली कोणी वाट पाहते, ही जाणीव मनाला फार आधार देते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाई लोटते. आजी-आजोबांनाही सोबत नेऊन थोडा वेळ तेथे बसवावे.

काळजी घेणाऱ्यांनी स्वतःकडे पाहणे तितकेच आवश्यक आहे. सतत चिडचिड, झोप उडणे, रुग्णावर ओरडून नंतर रडू येणे ही थकव्याची लक्षणे आहेत. आठवड्यातून एक अर्धा दिवस ही जबाबदारी घरातील दुसऱ्या व्यक्तीने घ्यावी. या विश्रांतीत अपराध वाटण्यासारखे काही नाही.

उतारवयातील नैराश्य अनेकदा शरीराची भाषा बोलते. भूक मंदावणे, पहाटे लवकर जाग येणे, कारण न सापडणारी अंगदुखी, आवडत्या गोष्टींतील रस जाणे असे दोन आठवडे चालू राहिल्यास 'वयच झाले' म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता, एखाद्या औषधाचा परिणाम किंवा कमी झालेले ऐकू येणे, हेही कारण असू शकते. तपासणीने ते कळते आणि उपचार होतात. 'आता जगून काय करायचे' असे शब्द निघाले, तर त्या व्यक्तीस एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. पण 'ठाण्याला पाठवा' ही आपल्याकडे थट्टा होऊन बसली आणि त्या थट्टेच्या भीतीने कित्येकांनी दुखणे लपवले. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी व सहकाऱ्यांनी आय.पी.एच. ही संस्था उभारली आणि मनाच्या आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलण्यास बळ दिले. आज केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हे दोन्ही आकडे ठळक अक्षरांत लिहून घरातील दूरध्वनीजवळ किंवा दिनदर्शिकेवर लावून ठेवावेत.

लोकलचे वेळापत्रक आपल्या हाती नाही. घरी पोहोचल्यानंतरची वीस मिनिटे मात्र आपली आहेत. आरंभ तेथून करावा.