जात्याची घरघर

आमच्या मातोश्री पहाटे जात्यावर बसून अहिराणींत ओव्या गात. धुळ्याच्या घरीं १९८४ सालीं आम्हीं त्या कॅसेटवर घेतल्या होत्या. पुढें ती फीत आमच्याच हयगयीनें यंत्रांत गुंतून चिरडली, आणि तुकडे फेकलेही गेले. उरली ती संगणकावर उतरवून ‘स्वच्छ’ केलेली प्रत. तींतला आवाज नितळ आहे. परंतु तो मातोश्रींचा, असें मन घेईना. फितीचा गुण गेला म्हणून असें होतें, असें आम्हीं ठरविलें.

नाद वाढला कीं फितीवरील चुंबकीय कण त्यास एका मर्यादेपलीकडे साथ देत नाहींत. ध्वनिलहरींचीं शिखरें तेथें तुटत नाहींत, हळूच वाकतात. तो गोडवा आणावयास आम्ही जळगांवीं, साठीच्या वयांत, सोल्डरिंग शिकलों! सिलिकॉनचे दोन डायोड उलटसुलट जोडले, तर ते ०.६ व्होल्टच्या सुमारास शिखर छाटून टाकीत; ओवी खरखरे. जर्मेनियमचे ०.३ च्या आसपासच मायेनें वाकवूं लागतात. उंच स्वर मंद करावयास एक कपॅसिटर घातला, आणि आवाजास ऊब आली. संगणकांत हें एका कळीनें होतें, म्हणून मुलें हसलीं. होत असेल.

धुळ्याहून आत्याबाई आल्या, त्यांना ऐकविलें. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, “आवाज वहिनीचाच रे. पण जातं कुठं गेलं?”

स्वच्छ करतांना संगणकानें घरघरीसच कचरा मानलें होतें. फीत जें मिसळी तें आमची जोडणी मिसळील. जातें तिच्यांत कोठून येणार?

धुळ्यास माळ्यावरचें जातें खालीं काढविलें आहे. खुंटा मात्र नवा बसवावा लागेल.