उंटावरचा वादक

नारा स्टेशनवरून चालत निघालं, की पहिली भेट होते ती हरणांची. हातात बिस्किटं दिसली रे दिसली, की ही मंडळी मान लववून चक्क नमस्कार करतात! माझ्या भाचीची निम्मी बिस्किटं तिथंच संपली. पण आम्ही जपानमधल्या या जुन्या राजधानीत आलो होतो ते एका वाद्याच्या ओढीनं.

तोदाइजी मंदिरात बुद्धाची प्रचंड मूर्ती आहे. तिच्या मागच्या बाजूला, झाडीत, लाकडी खांबांवर उभं असलेलं एक लांबलचक कोठार दिसतं. हे शोसोइन. सम्राट शोमू वारले तेव्हा, इ. स. 756 मध्ये, सम्राज्ञी कोम्योनं त्यांच्या सहाशेहून जास्त वस्तू बुद्धाला अर्पण केल्या. त्यांची यादीही लिहून ठेवली. त्या यादीत एक पाच तारांची बिवा आहे, आणि ती आजही शाबूत आहे!

बिवा म्हणजे पोटाला फुगीर, गळ्याला निमुळतं असं वाद्य. एरवी तिला चार तारा असतात आणि डोकं मागं वाकलेलं असतं. हिचं डोकं मात्र सरळ. अशी पाच तारांची प्राचीन बिवा जगात ही एकच उरली आहे. ती बहुधा चीनमध्ये घडली असावी आणि पाच तारांचं मूळ वाद्य भारतातलं, असं अभ्यासक मानतात. आहे की नाही गंमत?

तारा छेडायला हातात एक चपटी पट्टी धरतात. ती आपटून लाकूड खराब होऊ नये म्हणून तिथं कासवाच्या कवचाचा पत्रा बसवलाय. कारागिराला तो कोरा ठेववला नाही! शिंपल्याचे चकचकीत तुकडे कापून त्यानं त्यावर चित्र जडवलं. एक झाड, उडणारे पक्षी आणि खाली उंटावर बसलेला माणूस. तो काय करतोय? बिवाच वाजवतोय! उंट काही जपानचा प्राणी नव्हे. वाळवंटातल्या व्यापारी वाटांवरचा तो वादक असा या बेटावर येऊन पोचला.

आणि मागची बाजू? तिथं तर फुलंच फुलं. काही ठिकाणी आधी रंग भरून वर पारदर्शक कवच बसवलंय, म्हणजे रंग आतून उजळतो.

“पण मागची बाजू तर वाजवणाऱ्याच्या पोटाशी असणार. ऐकणाऱ्यांना ती दिसणार कशी?” भाचीनं विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

आपल्या काळातल्या कारागिरांनी हिची हुबेहूब प्रतिकृती केली, तेव्हा आठ वर्षं लागली. आधी दवाखान्यात करतात तसं सीटी स्कॅन करून मूळ वाद्याचं पोट तपासलं. कासवाच्या कवचाच्या व्यापारावर आता बंदी, त्यामुळे सामान जमवणंही सोपं नव्हतं. तारा रेशमाच्या. त्यासाठी सम्राज्ञी मिचिको यांनी राजवाड्यात पाळलेल्या किड्यांचं रेशीम वापरलं. 2019 मध्ये ही प्रतिकृती तोक्योच्या प्रदर्शनात मांडली होती.

कोठारातल्या वस्तू आता शेजारच्या पक्क्या इमारतींमध्ये असतात. दर वर्षी फक्त शरद ऋतूत, थोडे दिवस, नाराच्या संग्रहालयात त्यातल्या मोजक्या बाहेर काढतात, त्याही दर वर्षी वेगळ्या. आम्ही गेलो त्या वर्षी बिवाचा नंबर नव्हता. भाची हिरमुसली. मग तिनं उंटाचं चित्र असलेलं एक कार्ड घेतलं आणि उरलेल्या पैशांची बिस्किटं. हरणं वाट पाहतच होती.