कोल्डप्लेची रात्र : मीरा रोड ते नेरूळ

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' या जगदौऱ्यातले मुंबईचे कार्यक्रम 18, 19 आणि 21 जानेवारी 2025 रोजी झाले. ते मुंबईचे म्हणून जाहीर झाले असले तरी प्रत्यक्षात जागा होती नवी मुंबईतल्या नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम. मीरा-भाईंदरच्या चाहत्यासाठी हा फरक फार मोठा होता. महानगराच्या उत्तरेच्या टोकावरून निघायचे, शहर ओलांडून खाडीपलीकडे पोहोचायचे, दोन तास गाणी ऐकायची आणि मध्यरात्री पुन्हा तेवढेच अंतर कापायचे. त्या दोन तासांसाठी चार महिने वाट पाहिलेली असे. या कार्यक्रमाचा अनुभव म्हणजे जेवढी गाणी, तेवढीच ही वाट.

बँडची सुरुवात 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये भेटलेल्या चार विद्यार्थ्यांनी केली. गायक ख्रिस मार्टिन, गिटारवादक जॉनी बकलंड, बेस वाजवणारा गाय बेरीमन आणि ड्रमवर विल चँपियन. तेच चौघे आजही एकत्र आहेत, आणि रॉक संगीताच्या जगात ही दुर्मीळ गोष्ट आहे. 2000 साली 'यलो' हे गाणे आणि 'पॅराशूट्स' हा पहिला अल्बम आला. त्या वेळी मीरा-भाईंदर ही नगरपरिषद होती. महानगरपालिका 2002मध्ये झाली. मिठागरांच्या कडेने इमारती उभ्या राहत होत्या आणि मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे इथे येत होती. या कुटुंबांतली मुले कॉलेजसाठी आणि पुढे नोकरीसाठी रोज लोकलने अंधेरी, दादर, चर्चगेट गाठत. कोल्डप्लेची ओळख बऱ्याच जणांना त्या प्रवासातच झाली. विरार लोकलच्या दारात एका हाताने दांडा धरून, कानात इअरफोन घालून ऐकलेले संगीत हे अगदी एकट्याचे असते. आजूबाजूला शेकडो माणसे चिकटून उभी असतात, पण गाणे कोणालाच ऐकू जात नाही. पंधरा-वीस वर्षे एखादे गाणे असे ऐकलेल्या माणसाने ते पन्नास हजारांच्या तोंडून ऐकणे म्हणजे काय, हे या पार्श्वभूमीवरच कळते.

या भागाचे बँडशी आणखी एक नाते आहे. 2016मध्ये आलेल्या 'हिम फॉर द वीकेंड' या गाण्याच्या चित्रफितीचा काही भाग वसईच्या किल्ल्यात चित्रित झाला. भाईंदर स्थानकातून गाडी सुटली की खाडीचा पूल लागतो आणि पलीकडे वसई तालुका सुरू होतो. खाडीच्या मुखाशी उत्तरेला वसईचा किल्ला, तर दक्षिणेला, भाईंदरच्या बाजूला, चौक गावाजवळ धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. चिमाजी अप्पांच्या 1739च्या मोहिमेत या दोन्ही जागा महत्त्वाच्या होत्या. शाळेच्या सहलीत पाहिलेल्या त्या भिंती जगभर पाहिल्या जाणाऱ्या चित्रफितीत दिसल्या, याचे इथल्या चाहत्याला वाटलेले अप्रूप खरे होते. त्या चित्रफितीत परदेशी नजरेला भावणारा भारत आहे, होळीचे रंग आहेत, साधू आहेत, अशी टीका झाली आणि तिच्यात तथ्यही आहे. तरी तो किल्ला आपला आहे, ही भावना त्या टीकेने कमी झाली नाही.

त्याच वर्षी, 19 नोव्हेंबर 2016 रोजी, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर ग्लोबल सिटिझन महोत्सव झाला आणि कोल्डप्ले त्यात वाजवून गेले. त्याची बरीचशी तिकिटे सामाजिक मोहिमांत भाग घेणाऱ्यांना मोफत मिळत होती. मात्र तो अनेक कलाकारांचा महोत्सव होता. बँडचा स्वतःचा, पूर्ण लांबीचा कार्यक्रम ऐकण्यासाठी पुढे आठ वर्षांहून जास्त काळ थांबावे लागले.

तिकीटविक्री रविवारी 22 सप्टेंबर 2024 रोजी दुपारी 12 वाजता बुकमायशोवर सुरू झाली. किमती अडीच हजारांपासून पस्तीस हजार रुपयांपर्यंत होत्या. सुरुवातीला दोनच दिवस जाहीर झाले होते. मागणी पाहून तिसरा दिवस वाढवला गेला. तिकीट मिळवू पाहणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली, आणि जागा होत्या दीड लाखाच्या आसपास. मोबाइलच्या पडद्यावर रांगेतला क्रमांक दिसे आणि तो अनेकांच्या बाबतीत लाखांत होता. घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप एकाच वेळी लावून बसलेली कुटुंबे, एकमेकांना आपापला क्रमांक कळवणारे मित्र, हळूहळू पुढे सरकणारा आकडा आणि शेवटी सगळे संपल्याची सूचना, हा त्या दुपारचा सार्वत्रिक अनुभव होता. काही तासांतच तीच तिकिटे अनेक पटींनी महाग विक्रीला आली आणि काळ्या बाजाराची चौकशी मुंबई पोलिसांकडे गेली. ज्याला तिकीट मिळाले नाही त्याचे दुःख पैशांचे नसते. वर्षानुवर्षे ज्या गाण्यांनी सोबत केली, त्यांच्यापाशी पोहोचण्याची वाट केवळ आकड्यांच्या खेळात बंद झाली, हे मनाला लागते. या दौऱ्यात प्रत्येक ठिकाणी मोजकी स्वस्त 'इन्फिनिटी' तिकिटेही असत. मुंबईत ती दोन हजार रुपयांना, जोडीनेच, नोव्हेंबरमध्ये विकली गेली. स्टेडियममध्ये कुठे बसायचे ते कार्यक्रमाच्या वेळीच कळे. कमी पगारातल्या तरुणांसाठी ही खरी संधी होती, फक्त ती फारच थोड्यांच्या वाट्याला आली.

मीरा-भाईंदरहून नेरूळला थेट गाडी नाही. एक वाट म्हणजे पश्चिम रेल्वेने दादर, तिथून मध्य रेल्वेने कुर्ला आणि पुढे हार्बरची पनवेल लोकल. दुसरी वाट रस्त्याची: काशिमीऱ्याहून घोडबंदर रस्त्याने ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोली, घणसोली, तुर्भे करत नेरूळ. अंतराच्या मानाने ही सोयीची, पण घोडबंदरचा घाट आणि त्यावरची अवजड वाहने किती वेळ घेतील याचा भरवसा नसतो. कार्यक्रमासाठी गोरेगाव ते नेरूळ अशा खास लोकलही सोडण्यात आल्या होत्या. मीरा रोडहून गोरेगाव गाठायचे आणि तिथून एकाच गाडीत बसायचे, असा तिसरा पर्याय त्यामुळे मिळाला. ज्या लोकलमध्ये एरवी प्रत्येक जण आपल्या कानातल्या गाण्यात बंद असतो, तिथे त्या दुपारी अनोळखी माणसे एकाच बँडचे टी-शर्ट घालून समोरासमोर बसली होती. चेहऱ्यावर चमकी लावलेल्या कॉलेजच्या मुली, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेले चाळिशीतले लोक, आईबरोबर निघालेला शाळकरी मुलगा. कोणी हळू आवाजात सुरुवात केली की पुढची ओळ दुसऱ्या बाकावरून यायची. कार्यक्रम नेरूळला सुरू होण्याआधीच तो डब्यात सुरू झालेला असे.

डी. वाय. पाटील स्टेडियम 2008मध्ये क्रिकेटसाठी उघडले. त्याच्या छताला प्रेक्षकांच्या पुढे खांब नाहीत. ते मागून आधार घेऊन पुढे झेपावते, त्यामुळे कुठल्याही जागेवरून मैदान मोकळे दिसते. मोठ्या संगीत कार्यक्रमांना ही रचना उपयोगी ठरते. 2017मध्ये जस्टिन बीबर आणि डिसेंबर 2019मध्ये यू-टू यांचे कार्यक्रम इथेच झाले होते. कोल्डप्लेच्या वेळी स्टेज मैदानाच्या एका टोकाला होते आणि तिथून लांब पट्टी निघून गर्दीच्या मध्यापर्यंत येत होती. समोरच्या मैदानावर उभ्याचे प्रेक्षक, भोवतीच्या स्टँडमध्ये बसणारे. उभ्याच्या तिकिटात जागा ठरलेली नसल्यामुळे पुढची जागा हवी असलेल्यांना दुपारपासून रांग धरावी लागे. जानेवारी असला तरी दुपारच्या उन्हात चार-पाच तास उभे राहणे सोपे नव्हते.

प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाच्या हाती एक पांढरा मनगटी पट्टा येतो. या दौऱ्याची सगळ्यात प्रसिद्ध वस्तू तीच. पट्ट्यात छोटे एलईडी दिवे आणि अवरक्त किरण ओळखणारा संवेदक असतो. स्टेजभोवती बसवलेले प्रक्षेपक डोळ्यांना न दिसणारा प्रकाश स्टँडवर फिरवतात, आणि तो ज्या भागावर पडतो तिथले पट्टे ठरलेल्या रंगात पेटतात. म्हणून पिवळा रंग एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लाटेसारखा धावताना दिसतो. याची मूळ कल्पना जेसन रेग्लर या ब्रिटिश संशोधकाची. 2005मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात कोल्डप्लेचे 'फिक्स यू' ऐकताना त्याला ती सुचली, आणि 2012च्या दौऱ्यात बँडने त्याचे रेडिओ लहरींवर चालणारे पट्टे वापरले. या दौऱ्यातले पट्टे वनस्पतिजन्य, कुजणाऱ्या पदार्थापासून बनवलेले असतात आणि बाहेर पडताना परत द्यायचे असतात. आधीच्या शहरांनी किती टक्के परत केले ते पडद्यावर दाखवले जाते. आठवण म्हणून पट्टा घरी नेण्याचा मोह मोठा असतो. तो परत टाकणे हाही त्या संध्याकाळचा भाग आहे, आणि तो मनापासून करण्यासारखा आहे.

पर्यावरणाचा हा विचार दौऱ्याच्या पायाशीच होता. 2016-17च्या दौऱ्याच्या तुलनेत थेट कार्बन उत्सर्जन निम्मे करण्याचे लक्ष्य बँडने ठेवले होते. पहिल्या दोन वर्षांत ते 59 टक्क्यांनी घटल्याचे 2024मध्ये सांगण्यात आले. प्रेक्षकांच्या उड्यांमधून वीज तयार करणारी जमीन आणि पायडल मारून वीज निर्माण करणाऱ्या सायकली दौऱ्याबरोबर फिरत, आणि प्रत्येक तिकिटामागे एक झाड लावण्याचे वचन होते.

अंधार पडेपर्यंत सुरुवातीचे कलाकार गातात. मुंबईत त्यांत गायिका जसलीन रॉयल होती. मग दिवे जातात आणि पन्नास हजार मनगटे एकाच क्षणी उजळतात. पडद्यावर चित्रफीत पाहून हे माहीत असलेल्या माणसाचाही श्वास त्या क्षणी अडकतो, कारण चित्रफितीत दिवे समोर असतात. इथे ते चहूबाजूंनी असतात आणि त्यातला एक आपल्या हाताला असतो. पुढचा कार्यक्रम चार भागांत बांधलेला आहे: ग्रह, चंद्र, तारे आणि घर. 'हायर पॉवर'ने सुरुवात होते, 'अॅडव्हेंचर ऑफ अ लाइफटाइम'ला मोठे रंगीत फुगे गर्दीवर सोडले जातात, 'द सायंटिस्ट'ला पहिल्यांदा सगळे शांत होतात. 'यलो' येते तेव्हा सगळे स्टेडियम पिवळे होते. इअरफोनमध्ये ज्या गाण्याचा आवाज फक्त गायकाचा होता, त्याच गाण्यात आता गायक मागे पडतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाचा, किंचित बेसूर, आवाज जास्त जवळचा वाटतो. रेकॉर्डिंगची अचूकता इथे नसते आणि तिची उणीवही भासत नाही.

मार्टिन मधूनच हिंदीत वाक्ये बोलत होता. उच्चार अडखळत होते, पण त्याने ती मेहनतीने पाठ केली होती, आणि गर्दीने त्या मेहनतीला दाद दिली. एका भागात कॅमेरा प्रेक्षकांवर फिरतो आणि पडद्यावर जो येईल त्याच्यावर मार्टिन तिथल्या तिथे गाणे रचतो. 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' मध्येच थांबवून तो सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगतो. फोनच्या पडद्याआडून पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकाला ते गाणे मग मोकळ्या हातांनी मिळते, वर कागदी चांदण्यांचा पाऊस पडतो. सगळ्या रात्रीत हीच पाच मिनिटे सर्वात नीट लक्षात राहतात.

लांबच्या स्टँडमध्ये आणखी एक गोष्ट जाणवते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे दीडशे मीटर अंतरावर तो जवळजवळ अर्ध्या सेकंदाने उशिरा पोहोचतो. म्हणून मैदानात मध्येही ध्वनिक्षेपक लावतात आणि त्यांचा आवाज मोजून उशिरा सोडतात. तरी ड्रमवर काठी पडताना दिसणे आणि ठोका ऐकू येणे यांत सूक्ष्म फट राहते, आणि टाळ्यांची लाट स्टेजकडून मागे येताना ऐकू येते.

कार्यक्रम रात्री दहाच्या सुमारास संपतो. त्यामागे 2000चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला सर्वसाधारणपणे परवानगी नसते. दूरवर राहणाऱ्यांसाठी ही मर्यादा सोयीची ठरते. पट्टा टाकून, आतषबाजीच्या धुरातून बाहेर पडले की नेरूळ स्थानकापर्यंतचा रस्ता माणसांनी भरलेला असतो. कोणी घाई करत नाही. कानात बारीक शिट्टीसारखा आवाज चालू असतो. मोठ्या आवाजानंतर तो काही तास राहू शकतो, म्हणून जाणकार मऊ इअरप्लग घालून येतात. कुर्ल्याला पूल चढायचा, दादरला फलाट बदलायचा आणि बाराच्या पुढची विरार लोकल पकडायची. रिकाम्या बाकावर बसायला मिळते, पायांना ते फार हवे असते. बोरिवली, दहिसर, मीरा रोड. भाईंदरला उतरणारे थोडे पुढे जातात. स्थानकाबाहेर रिक्षा उभ्या असतात. गाडी खाडीच्या पुलावर चढते, आणि काही माणसे वसईपर्यंत जाणार असतात.