कुंपण निघेल, शिक्का कोण मारणार?

लंडन,
ऑगस्ट 2025

चि. सायलीस,


सेव्हिलहून एका दिवसात जिब्राल्टर करून येता येईल का, असं विचारलंयस. आधी तुझा व्हिसा बघ. सिंगल एंट्रीचा असेल तर जायचं नावही काढू नकोस. सीमेवरच्या ला लिनेआ या स्पॅनिश गावात बसमधून उतरून फाटकापलीकडे गेलीस की तू शेंगेनच्या, म्हणजे आपापसांत पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या, बाहेर. मग परतीच्या वाटेवर स्पॅनिश पोलीस तुला आत घेणार नाही. अवघ्या 6.8 चौरस किलोमीटरची ती जागा, पण भल्याभल्यांना रांगेत उभं करते.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, तर जिब्राल्टरवरून स्पेनशी भांडण कशाला उकरलं गेलं?

भांडण जुनंच आहे गं. 1713 च्या उट्रेक्टच्या तहात स्पेनने जिब्राल्टरचं गाव, किल्ला आणि बंदर ब्रिटनला दिलं. पण जिब्राल्टरच्या खडकाला स्पेनशी जोडणारी चिंचोळी पट्टी आम्ही दिलीच नव्हती, असं स्पेनचं म्हणणं. आणि जिब्राल्टरचा विमानतळ नेमका त्याच पट्टीवर. 1969 मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोने फाटकालाच कुलूप ठोकलं, टेलिफोनही तोडले. दोन्हीकडे नातीगोती असलेली माणसं कुंपणाशी येऊन ओरडून बोलायची, नवं बाळ उंच धरून पलीकडच्या आजीला दाखवायची. प्रत्यक्ष भेटायचं तर बोटीने मोरोक्कोतल्या टँजियरवरून वळसा घालायचा! 1982 च्या डिसेंबरात पायी जाणाऱ्यांना वाट मिळाली, गाड्यांना 1985 मध्ये. कारण 1986 मध्ये स्पेनला युरोपीय समुदायात शिरायचं होतं आणि ब्रिटन तिथे आधीच बसलेलं. फाटक लावून घेऊन त्या घरात राहता आलं नसतं.

म्हणजे संघात वाद मिटला नव्हता, नुसता पेंगत होता. 2016 च्या सार्वमतात जिब्राल्टरने संघात राहण्याच्या बाजूने 19,322 मतं टाकली, विरोधात 823. उपयोग शून्य. पुढच्याच वर्षी संघाने ठरवून टाकलं की ब्रिटनशी होणारा कुठलाही करार स्पेनच्या संमतीशिवाय जिब्राल्टरला लागू होणार नाही. तोवर संघाच्या आत दोन सारखे सभासद होते. आता एक आत, एक दाराबाहेर. 2019 मध्ये तर कमालच झाली. ब्रिटिश प्रवाशांना 90 दिवस बिनव्हिसा फिरू द्यायचा साधा प्रवासाचा कायदा, त्यात तळटीप घातली: जिब्राल्टर ही ब्रिटिश राजसत्तेची वसाहत आहे. सीमावाद असा सुट्टीच्या कागदात शिरतो!

आता खरी मेख ऐक. ब्रिटन संघात होतं, पण शेंगेनमध्ये कधीच नव्हतं. त्यामुळे त्या काळातही ला लिनेआच्या फाटकावर पासपोर्ट दाखवावाच लागायचा. आणि संघ सोडल्यावर, 2025 च्या 11 जूनला, करारात ठरलं काय? तर ते कुंपणच काढायचं. रोज जाणाऱ्या-येणाऱ्या सुमारे 15 हजार कामगारांना तपासणीच नको. तपासणी हलणार विमानतळावर आणि बंदरावर: आधी जिब्राल्टरचा अधिकारी, मग लगेच स्पेनचा. आमच्या सेंट पँक्रास स्टेशनावर पॅरिसच्या गाडीत बसण्याआधी फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात, तसंच. आपल्या सीमेचा ताबा आपल्याकडे हवा म्हणून ज्यांनी संघ सोडला, त्यांनाच आता ब्रिटिश झेंड्याखालच्या विमानतळावर स्पॅनिश पोलिसापुढे उभं राहावं लागेल. सहा महिन्यांतले 90 दिवस संपलेले असले, तर तो ‘नाही’ म्हणू शकेल. मला याचं फार हसू येत नाही, पण थोडं येतं.

करारात मात्र सार्वभौमत्वाबद्दल कुणीही काहीही सोडलेलं नाही. पट्टी कुणाची, हे तसंच अधांतरी. मला विचारशील तर शहाणपणाच तो. मालकी ठरेपर्यंत कामाला जाणाऱ्या बाईने रोज तासभर उन्हात का ताटकळावं?

सगळ्यांचंच असं सुरळीत झालं नाही. गोव्यातली कितीतरी मंडळी पोर्तुगीज पासपोर्टवर इथे इंग्लंडात स्विंडनला येऊन राहिली. 2020 च्या शेवटी ब्रिटनचं हे दार बंद झालं. आधी आलेले टिकले, मागे राहिलेल्या भावंडांना आता व्हिसा लागतो. त्यांच्यासाठी कुणी करार करत बसलं नाही.

करार अजून अमलात यायचाय, तेव्हा तुझ्या कोर्समध्ये कुंपण जाईल या भरवशावर राहू नकोस. खडक ला लिनेआच्या किनाऱ्यावरूनही छान दिसतो. व्हिसाच्या पानाचा फोटो पाठव, मगच बसचं तिकीट काढ.

तुझी,
मावशी