बदलापूर गावातली खारी टाकी

बदलापूर गावाला उल्हास नदी आहे. समुद्र मात्र लांब. तरी आमच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात गोबी नावाचा मासा राहतो. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत मोठे, भडक रंगांचे मासे पुष्कळ दिसतात, पण शंभर लिटर पाण्यात मोठा मासा कोंडणं मला पटत नाही. बोटाएवढा गोबी तळाशी एक बीळ धरून राहतो. तेवढा मुलूख त्याला पुरतो.

शेजारच्या आजी पहिल्यांदा टाकीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "ही तर निवटी!" त्यांचं माहेर खाडीकाठचं, नजर पक्की. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी आणि माझा पिवळा गोबी खरोखरच नात्यातले. दोघांचे डोळे डोक्यावर, आणि पोटाखालचे पर एकमेकांना जुळून पेल्यासारखे झालेले.

या गोबीसोबत मी पिस्तूल कोळंबी ठेवली आहे. या दोघांसाठीच टाकी ठेवावी, इतकी त्यांची जोडी बघण्यासारखी असते. कोळंबीला फारच कमी दिसतं. ती दिवसभर वाळू उपसून बीळ राखते आणि बाहेर येते ती एक मिशी गोबीच्या अंगाला लावूनच. गोबी दाराशी पहाऱ्याला. धोका जाणवला की तो शेपूट थरथरवतो, मिशीला ते कळतं आणि कोळंबी मागे सरते. धोका जवळ आलाच, तर गोबीही डोक्याकडून बिळात सूर मारतो. रात्री घर शांत झालं की कधीकधी 'टक्' असा आवाज येतो. कोळंबीची नांगी इतक्या वेगानं मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो. तो फुटल्याचा हा आवाज.

इथे खरी परीक्षा उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि या जिवांना २५-२६ अंशांचं पाणी लागतं. टाकीवर पंखा लावला की पाणी गार होतं, पण त्याची वाफ होऊन पातळी उतरते. मीठ मागेच राहतं आणि खारटपणा वाढतो. म्हणून रोज सकाळी आरओचं गोडं पाणी घालून घनता १.०२५ वर आणते. झाकण काचेचं नाही, बारीक जाळीचं आहे: गोबी घाबरला की उडी मारतो, आणि जाळीतून हवाही खेळते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे वीज गेली की धोका दुप्पट. एका मे महिन्यात दुपारभर वीज नव्हती, तेव्हा बॅटरीवरच्या एअरपंपानं आणि पाण्यावर तरंगत ठेवलेल्या बर्फाच्या बाटल्यांनी दोघांना वाचवलं.

टाकीत जिवंत प्रवाळ नाहीत आणि मला ते नकोतच. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, त्यांची जागा तिथेच. माझे दगड मातीचे, भाजलेले. गोबीला आडोसा हवा असतो, तो त्यांतून मिळतो.

टाकी लावणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मीठपाणी भरल्यावर महिना-दीड महिना मासा आणू नका. घाण पचवणारे जिवाणू दगडांवर वाढायला तेवढा वेळ लागतो. मासा शक्यतो टाकीतच पैदास झालेला मागा. आणि दुकानदारानं आपल्या समुद्रातलं कठीण प्रवाळ पुढे केलं तर घेऊ नका. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.