फुकटच्या कोडला लागणारा वेळ कोणाचा?

"ओपन सोर्समध्ये कोणी पदवी विचारत नाही, ओळख विचारत नाही, फक्त कोड बघतात," असे आम्हाला कायम ऐकवले जाते. हे अर्धे खरे आहे. आपली पोरे अडकतात ती उरलेल्या अर्ध्यात.

आम्ही चौघांनी लिबरऑफिस निवडले. २०१० साली ओपनऑफिसमधून फुटून निघालेला हा प्रकल्प. आमच्या अभ्यासिकेतल्या जुन्या संगणकावर तोच चालतो, हे खरे कारण. नवख्यांसाठी तिथे 'ईझी हॅक्स' नावाची सोप्या कामांची यादी असते आणि सगळे आधी तिकडेच बोट दाखवतात. पण सी प्लस प्लसचा तो डोंगर जुन्या यंत्रावर बिल्ड करायला तासन् तास लागतात. ज्याच्या घरी स्वतःचा लॅपटॉप नाही, त्याची 'गुणवत्ता' इथेच संपल्याचे जाहीर होते!

म्हणून आमचे म्हणणे, आधी बग पडताळा. बगझिलावर 'अनकन्फर्म्ड' म्हणून पडलेली तक्रार घ्या, दिलेल्या पायऱ्या करून बघा, दोष कोणत्या आवृत्तीत दिसला ते लिहा. मग बायबिसेक्ट. आधी नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत मोडली असेल, तर आयत्या बिल्ड केलेल्या आवृत्त्यांचा साठा गिटने उतरवता येतो. मधली आवृत्ती उघडायची, 'गुड' की 'बॅड' ते सांगायचे, गिट उरलेल्यांतली मधली पुढे करते. हजार बदलांतला नेमका बिघाड करणारा बदल साधारण दहा फेऱ्यांत सापडतो. सी प्लस प्लसची एक ओळ लिहावी लागत नाही. साठा मात्र काही जीबींचा. आम्ही एकदाच उतरवला आणि हार्ड डिस्कवरून चौघांत फिरवला.

बिघाडाची जागा कळली की दुरुस्ती अनेकदा दोन-चार ओळींची असते. आमची तशीच होती. परवान्याचे संमतीपत्र एकदा दिले, पॅच गेरिटवर चढवला, जेनकिन्सने तो वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बिल्ड करून पाहिला. समीक्षकाने लिहिले, सोबत टेस्ट जोडा. आमच्यातल्या एकाने विचारले, "नाकारलं का आपल्याला?" नाही. जुन्या जाणत्यांनाही तिथे हेच ऐकावे लागते, आणि तेही सगळ्यांना दिसेल असे लेखी. याच पोराला एका कंपनीने 'कल्चर फिट नाही' एवढेच तोंडी सांगून परत पाठवले होते. फरक त्याला लगेच कळला.

टेस्टसाठी अजून दोन रविवार गेले. रात्रपाळी करणाऱ्याने हे रविवार कुठून आणायचे, याचे उत्तर 'फक्त कोड बघतो' म्हणणाऱ्यांनी द्यावे. गुगल समर ऑफ कोड आणि आउटरीची मानधन देतात. आउटरीची तर भेदभाव सोसलेल्यांसाठीच आहे. पण निवडीआधी प्रकल्पात काही काम करून दाखवावे लागते, तो वेळ बिनपगारीच. आम्ही काम वाटून घेतले. एक पडताळणार, एक बायबिसेक्ट करणार, दोघे कोड बघणार.

पॅच आत गेला. आता देवनागरीच्या तक्रारी घेतल्या आहेत. जोडाक्षर तुटले की नाही हे मराठी न वाचणाऱ्या जर्मन डेव्हलपरला कसे कळावे? रविवारी अकराला अभ्यासिका उघडी असते, लॅपटॉप नसला तरी या.