नऊ मिनिटे बावन्न सेकंद

ऑगस्टमध्ये कॉम्प्युटरच्या तासाला आमचा वादविवाद झाला. विषय होता, संगणकशास्त्र शिकताना अभ्यासक्रम महत्त्वाचा की विद्यार्थ्याची वृत्ती? मी अभ्यासक्रमाच्या बाजूने बोललो. माझा चुलतभाऊ अकरावीला सी प्लस प्लस शिकला, आम्हाला सीबीएसईने पायथॉन दिले; भाषा सोपी म्हणून आम्ही लवकर प्रोग्राम लिहू लागलो, असे ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. मी जिंकलो.

दोन आठवड्यांनी २.४ किलोमीटरची आंतरहाउस धाव होती. निकाल नेहमी हातानेच लावतात. मी पुढे होऊन पीटीच्या सरांना म्हणालो, "सर, मी प्रोग्राम लिहितो." मुले तुकड्यातुकड्यांनी धावली, त्यामुळे एकूण पहिला कोण हे मैदानावर कळत नव्हते. रेषेवर वेळा मीच लिहून घेतल्या. लॅबमध्ये त्या टाइप केल्या, सॉर्ट केल्या, पहिल्या दहांची यादी छापली. संध्याकाळच्या फॉल-इनला ती वाचली गेली. १०:०५ वाला पहिला, आणि तो आमच्याच हाउसचा! आरडाओरडा जरा जास्तच झाला.

रात्री प्रेपनंतर नववीतला एक ज्युनियर दारात उभा. तो लातूरचा, माझ्याशी मराठीतच बोलतो.

"सर, एक विचारू? मला ९:५२ सांगितलं होतं. यादीत माझं नावच नाही."

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी लॅब उघडताच पूर्ण यादी काढली. तो सर्वांत खाली होता, १३ मिनिटे घेणाऱ्यांच्याही खाली. मी वेळा स्ट्रिंग म्हणून ठेवल्या होत्या. स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि '१' हा '९' च्या आधी येतो. म्हणून १०:०५ वर, ९:५२ तळाला.

हे मला माहीत नव्हते असे नाही, याचीच लाज वाटली. जुलैच्या युनिट टेस्टमध्ये दोन स्ट्रिंगच्या तुलनेवर अगदी असाच प्रश्न होता. मी बरोबर उत्तर लिहून गुण घेतला होता. अभ्यासक्रमाने त्याचे काम केले होते. ९:५२ हा आकडा तर मी माझ्याच हाताने लिहिला होता, तरी यादीत तो कुठे आहे हे एकदाही पाहिले नाही. पडद्यावर आले ते खरे, असे धरून चाललो.

सरांनी ओरडा दिला नाही. "फॉल-इनला तूच सांग," एवढेच म्हणाले. मी सांगितले. हाउसचे गुण गेले आणि दोन दिवस मेसमध्ये माझ्याशी कोणी धड बोलले नाही. आता प्रोग्राम आधी सेकंद करतो : ९:५२ म्हणजे ५९२, १०:०५ म्हणजे ६०५.

आज तोच वादविवाद झाला तर मी दुसऱ्या बाजूला उभा राहीन. पण एक तक्रार अभ्यासक्रमाबद्दलही आहे. आमच्याकडे ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाच्या फाइलमध्ये आम्ही फक्त चालणारे प्रोग्राम लावतो. फसलेल्याला त्यात जागा नाही. मी माझ्या फाइलची शेवटची पाने फसलेल्यांसाठी ठेवली आहेत.

गेल्या रविवारी त्या ज्युनियरला लॅबमध्ये बोलावले आणि म्हणालो, "हा प्रोग्राम बिघडवून दाखव." त्याने वेळेच्या जागी 'आजारी' असे टाइप केले. प्रोग्राम तिथेच बंद पडला. तो मनापासून हसला. ते आता माझ्या फाइलचे तिसरे पान आहे.